संस्कृती वाळुंजनं न प्यायलेला चहा

आमच्या जुन्नर-आंबेगावात भांडण मिटल्याची खूण म्हणजे चहा. बांधावरून कुऱ्हाडी निघालेल्या असोत, नाहीतर सोयरिकीत फारकतीपर्यंत गोष्ट गेलेली असो, चार माणसं मध्ये बसतात, दोन्हीकडच्यांच्या हातात कप देतात. कप रिकामे झाले की विषय संपला. त्यानंतर जो तोंड उघडेल तो खोटा. हे कुठं लिहिलेलं नाही, पण शिक्क्याच्या कागदापेक्षा त्याला वजन जास्त. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बाळासाहेब नावाच्या एका कॉलेजवाल्यानं याच रिवाजाचा फास केला आणि एका पोरीनं तो फास काढून त्याच्याच गळ्यात अडकवला. मला त्याचा आनंद झालाय. तो मी लपवणार नाही.

पोरीचं नाव संस्कृती. बाप कुंडलिक वाळुंज, आळेफाट्याच्या एका गॅरेजात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवतो. हात लोखंडाचे, जीभ लोण्याची. कुणी आवाज चढवला की हा मान खाली घालतो. पोरगी तशी नाही. तिसरीत असताना शेजारच्या पोरानं तिची चप्पल विहिरीत टाकली होती. तिनं त्याला मारलं नाही, त्याच्या घरी तक्रारही नेली नाही. आईनं दुसरी चप्पल आणली तर ती घातली नाही. उन्हातान्हात अनवाणी शाळेत जायची, आणि कुणी विचारलं की त्या पोराचं नाव आडनावासकट सांगायची. शेवटी त्याची आई स्वतः चप्पल घेऊन दारात आली. तेव्हा कुठं हिनं पाय घातला. गावात तेव्हापासून म्हणतात, वाळुंजांच्या पोरीचं देणं ठेवू नये.

बारावी झाल्यावर तिला फाट्यापासून आत असलेल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. बाळासाहेब तिथला विश्वस्त. मुलींच्या वसतिगृहाची मेस त्याच्या मेव्हण्याच्या नावावर, म्हणजे त्याचीच. मेस संध्याकाळी लवकर बंद व्हायची. उशिरा प्रॅक्टिकल संपवून येणाऱ्या पोरीला भाजीच्या भांड्याचा तळ दिसायचा. पण वाचनालयाच्या कोपऱ्यात काचेचा फ्रीज होता, तो कधी बंद नसायचा. त्यात एनर्जी ड्रिंकचे डबे, रंगीत, गोड वासाचे. शेजारी कॉफीचं मशीन. जेवण मिळत नाही तिथं जाग आणणारं पाणी मात्र हवं तितकं. ही काही चूक नव्हती, राव. हा धंदा होता.

सबमिशनच्या दिवसांत पोरी त्यावरच जगायच्या. सकाळी उपाशीपोटी काळी कॉफी, दुपारी फ्रीजमधला डबा, पुन्हा कॉफी. मग छातीत आग. आंबट पाणी घशाशी यायचं, दात आंबायचे, आडवं पडलं की जीव गुदमरायचा. कुणाला वाटायचं परीक्षेचं टेन्शन, कुणाला वाटायचं खोलीतल्या दमट हवेमुळं. पित्ताच्या गोळ्यांचं एक पाकीट अख्ख्या मजल्यावर फिरायचं. गादीच्या डोक्याकडं जाडजूड पुस्तकं घालून पोरी बसल्यासारख्या झोपायच्या. त्या कॉलेजात पुस्तकांचा एवढा चांगला उपयोग दुसरा कुणी केला नसेल.

संस्कृतीची खोलीतली जोडीदार रुक्साना, जुन्नरच्या भांडीवाल्यांची मुलगी. ती तिला म्हणायची, "अगं काहीतरी खा. नुसतं इंजिनात रॉकेल ओततीस."

"खायला ठेवलंय काय?" संस्कृती म्हणायची, आणि डबा फोडायची.

स्नेहसंमेलनाला सूत्रसंचालन संस्कृतीकडं होतं. बोलायला पोरगी पहिल्यापासून ताठ. त्या दिवशी सकाळपासून तयारीची धावपळ, पोटात अन्नाचा कण नाही, वर दोन डबे. स्टेजवर पाहुणे, समोर पालक, पहिल्या रांगेत कुंडलिक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. तिनं बाळासाहेबाचं नाव पुकारलं, सत्काराची शाल उचलली आणि तिथंच तिला उलटी झाली. शालीवर, नारळांवर, पाहुण्यांच्या टेबलावर. लालसर, गोड आंबट वासाची.

पोरगी गुडघ्यावर बसलेली. रुक्साना पाणी घेऊन धावली. आणि बाळासाहेबानं काय केलं असेल? त्यानं माइक उचलला. म्हणाला, "पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. पोरीला शिकायला पाठवा, प्यायला पाठवू नका. स्टेजवर पिऊन येतात, वास सगळ्यांना आला असेल."

रुक्साना ओरडून सांगत होती की ती दारू नाही, तुमच्याच फ्रीजमधला डबा आहे. पण माइक एकच होता आणि तो बाळासाहेबाच्या हातात होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोबाइल सगळ्यांकडं असतात. रात्र व्हायच्या आत ओतूरपासून घोडेगावपर्यंतच्या ग्रुपवर ती उलटी पोचली. गॅरेजात एक ड्रायव्हर हसत म्हणाला, "कुंडलिकभाऊ, पोरगी बसती तवा आमाला बी बोलवा की." कुंडलिकनं हातातला पाना खाली ठेवला आणि पाणी प्यायला गेला. एवढंच केलं. त्याच्या जागी मी असतो तर पाना खाली ठेवला नसता.

नारायणगावच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाला जखम झाली होती. चहा, कॉफी, ते डबे, सगळं बंद. वेळेवर जेवायचं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. डॉक्टर म्हणाले, या फाट्याच्या कॉलेजातून अशा पोरी माझ्याकडं फार यायला लागल्यात. संस्कृतीनं ते ऐकून ठेवलं.

मग कॉलेजातून बोलावणं आलं. कुंडलिक एसटीत बसल्यापासून ओठ हलवत होता. पोरीनं विचारलं, "काय पुटपुटताय, पप्पा?"

"काय काय बोलायचं ते जुळवतोय."

"एकच बोला. ज्या माइकवरून बोललात, त्याच माइकवरून खोटं बोललो म्हणा. बाकी मला काही नको."

ऑफिसात बाळासाहेब एकदम गोड. "या कुंडलिकराव, या. बसा. पोरीची जात आहे, बोभाटा कशाला वाढवायचा? माझ्याबी तोंडून गेलं असंल काहीतरी. आपण एकाच मातीतली माणसं."

कुंडलिक म्हणाला, "साहेब, तुमी माइकवर जे बोलला…"

"ए, चहा आण रे आधी."

आता इथं नीट बघा. तीस वर्षं मालकांच्या टेबलासमोर उभा राहिलेला माणूस. मालकानं हातात दिलेला कप त्यानं आजपर्यंत परत केलेला नाही. कप हातात आला, वाक्य तोंडात राहिलं. त्यानं बशीत ओतला, फुंकर मारली, आणि प्यायला. बाळासाहेबानं आपला कप त्याच्याआधी संपवला होता. कोपऱ्यात बसलेल्या मेव्हण्यानं मोबाइलवर फोटो काढला.

"चला," बाळासाहेब उठला. "मिटलं."

"काय मिटलं?" संस्कृती म्हणाली. "साहेब अजून काही बोललेच नाहीत."

"अगं, चहा झाला ना."

"पप्पांचा झाला. माझा आहे तसाच आहे."

बाळासाहेब हसला. "मग पी. गार कशाला करतीस?"

"मला डॉक्टरांनी बंद केलाय. तुमच्या फ्रीजनं घसा जाळला म्हणून."

बाळासाहेबानं फाइल उघडली, म्हणजे निघा असा अर्थ. संध्याकाळी तो फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आला, खाली 'गैरसमज दूर झाला' असं लिहिलेलं. फोटोत बाप बशी तोंडाला लावून, बाळासाहेब हसत, आणि कडेला संस्कृती, तिच्यापुढं काठोकाठ भरलेला कप, वर साय धरलेली. तिनं तोच फोटो सगळीकडं परत पाठवला. खाली लिहिलं, 'नीट बघा. माझा कप कुणी प्यायलाय का?'

बाप मात्र मोडला. घरी म्हणाला, "मी प्यायलो गं. आता मला बोलता येत न्हाई. लोक म्हणतील चहा पिऊन उलटला."

"तुमचा कप तुमचा, पप्पा. माझ्या वाटचा तुम्ही प्यायला नाहीत."

मी फाट्यावर लोकांचे अर्ज-तक्रारी लिहून देतो, म्हणून ती माझ्याकडं आली तेव्हा मी म्हणालो, तक्रार टाकू, माहितीचा अर्ज टाकू, तहसीलवर पोरी नेऊन बसवू. ती म्हणाली, "काका, तो कागदाला भीत नाही. कागद त्याच्याच माणसांच्या हातात जातात. तो चार माणसांत बसतो ना, मला तिथं बसायचंय." मला राग आला. माझे कागद म्हणजे काय पुंगळ्या वाटल्या का हिला. पण पोरगी बरोबर बोलत होती, म्हणून कागद बाजूला ठेवले.

फाट्यावर भगवंतचं हॉटेल आहे. बाळासाहेब रोज सकाळी तिथं खिडकीजवळच्या टेबलावर दरबार भरवतो. बाजार समितीतला कुणी, सोसायटीतला कुणी, बैलगाड्यांचे मालक, सगळे त्याच्या चहाला. संस्कृतीनं तब्येतीसाठी सहा महिन्यांची सुट्टी घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून ती समोरच्या टेबलावर येऊन बसायला लागली. एक प्लेट पोहे आणि ग्लासभर कोमट पाणी. शिवी नाही, घोषणा नाही. बाळासाहेब बोलत असला की नुसती बघायची.

त्याच्या एका दोस्तानं तिला विचारलं, "काय पोरी, रोज रोज काय काम काढलंस?"

"काही नाही, काका. साहेबांबरोबरचा माझा चहा राहिलाय. तो कधी होतो त्याची वाट बघतीय."

त्या माणसाच्या हातातला कप तसाच राहिला. कारण ज्याचं भांडण उघडं आहे, त्याच्या पंगतीला बसून चहा प्यायचा म्हणजे त्याची बाजू घेतली असा अर्थ होतो. आणि पोरगी समोर बसून बघतेय, आपल्याही घरात लेकी आहेत. तो म्हणाला, "मला जरा पेंडीच्या दुकानात जायचंय," आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

मग रुक्साना आली. ती लेक्चरच्या आधी येऊन बसायची. तिच्यामागं वसतिगृहातल्या दुसऱ्या पोरी आल्या. ज्यांच्या ज्यांच्या छातीत जळत होतं, त्या सगळ्या. दोन टेबलं भरली, मग तीन. सगळ्या कोमट पाणी मागायच्या.

भगवंत वैतागला. "ताई, हे हाटेल हाय का दवाखाना? नुसतं पाणीच तापवतोय मी."

रुक्साना म्हणाली, "पोहे किती खपले ते नाही सांगत, भाऊ."

"ते खपले. पर चहाची किटली पडून ऱ्हाती."

"ती त्या साहेबांना सांगा. त्यांना आता प्यायला माणूस मिळत नाही."

तिकडं वसतिगृहात फ्रीजकडं कुणी फिरकेना. मेव्हण्यानं डब्यांवर दोनावर एक फुकट अशी पाटी लावली. पोरींनी पाटीखाली पित्ताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं लटकवली. एवढ्याशा पाटीवरून बाळासाहेब किती जळत असेल, हा विचार करून मला दोन घास जास्त जायचे.

बाळासाहेबानं मग नेहमीची वाट धरली. बापाला गाठायची. गॅरेजच्या मालकाचा फोन कुंडलिकला आला, "पोरीला आवरा, कुंडलिक. पाटे बसवायला मला दुसरा मिस्त्री मिळतो." कुंडलिक त्या रात्री जेवला नाही. बायको म्हणाली, पोरीला सांगून बघा. त्यानं सांगितलं नाही. सकाळी उठून त्यानं स्वतः चहा ठेवला. दूध जास्त, आलं ठेचून, वेलदोडा घालून, पाहुण्यांना करतात तसा. थर्मासमध्ये भरला आणि तो घेऊन भगवंतच्या हॉटेलात गेला.

खिडकीजवळ बाळासाहेब आणि मेव्हणा, दोघंच. समोर पोरी. कुंडलिकनं सोबत आणलेला कप टेबलावर ठेवला, थर्मास उघडला आणि काठोकाठ ओतला.

"हे काय, कुंडलिकराव?"

"तुमचा चहा मी प्यायलो व्हतो, साहेब. त्यो हा परत आणलाय. तुमच्याकडच्यापेक्षा चांगला हाय, दूध घरच्या म्हशीचं हाय." त्यानं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट लावलं. "आता फिटंफाट. माझा कप बी रिकामा न्हाई आता. तुमचं नि माझं काय मिटलेलं न्हाई."

मेव्हणा उठला, "ए म्हाताऱ्या, जास्त शहाणा…"

भगवंत गल्ल्यावरून म्हणाला, "बस खाली. माझ्या हाटेलात चहा आणलाय त्यानं, दगड न्हाई आणला."

प्यालेला चहा परत करता येतो, हे आमच्या भागात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दुपारपर्यंत सगळ्या फाट्यावर झालं, कुंडलिक मिस्त्रीनं चहा परत केला. लोक एकमेकांना थर्मास कुठल्या रंगाचा होता ते विचारायला लागले. गॅरेजच्या मालकानं त्याला काढलं नाही. कारण ट्रकवाल्यांनी सांगितलं, पाटे बसवायचे तर कुंडलिकच्या हातानं, नाहीतर गाडी पुढं नेतो. तो हसणारा ड्रायव्हर होता ना, तोच सगळ्यात पुढं होता.

बाळासाहेबाला खरा घाव बसला तो त्याच्या गावच्या यात्रेच्या बैठकीत. यंदा कमिटीचा अध्यक्ष तो होणार हे धरून चाललेलं. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिलं नाव त्याचं पुकारलं जाणार होतं. त्यासाठी त्यानं नवा फेटाही आधीच बांधून घेतला होता म्हणतात. बैठकीला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "अध्यक्षाच्या हातानं साऱ्या गावाला चहा जातो. याच्या हातचा चहा तर परत येतोय. आधी ते मिटव, मंग अध्यक्ष हो."

दुसऱ्या दिवशी मेव्हणा संस्कृतीच्या टेबलाजवळ आला. "काय पाहिजे तुला?"

"पहिल्या दिवशी सांगितलंय. माइक."

"ऑफिसात लिहून देतो."

"माइक."

"बरं, वर्गात येऊन बोलतील साहेब."

"पालक होते तिथं बोलले होते. पालक असतील तिथंच बोलायचं." तिनं पोह्यांची प्लेट बाजूला सारली. "आणि मेव्हणे, मी घाईत नाही. मला इथलं पाणी मानवलंय."

नव्या वर्षाच्या पालकसभेला तोच मंडप, तोच माइक. मी मागं उभा होतो. कुंडलिक पहिल्या रांगेत, यावेळी गॅरेजच्याच कपड्यांत, मुद्दाम. बाळासाहेब उभा राहिला. आधी संस्थेची प्रगती, मग नवी इमारत, मग घसा खाकरून, "मागच्या वर्षी आपल्या एका विद्यार्थिनीबद्दल गैरसमजातून माझ्याकडून काही शब्द गेले…"

संस्कृती उभी राहिली. माइक नव्हता, पण तिचा आवाज पोचला. "गैरसमज नाही, साहेब. डबे तुमच्या फ्रीजमधले होते, तुम्हाला वास ओळखीचा होता."

बाळासाहेबानं स्टेजवरच्या प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्यांना तेव्हाच बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

"मी खोटं बोललो," बाळासाहेब म्हणाला. हळू.

"मागं ऐकू आलं नाही," रुक्साना म्हणाली.

"मी खोटं बोललो. मुलगी प्यायलेली नव्हती."

"का उलटी झाली तिला?" हा आवाज कुंडलिकचा. बसूनच विचारलं त्यानं, पण सगळ्यांनी ऐकलं.

बाळासाहेबानं माइक दुसऱ्या हातात घेतला. "उपाशी होती. मेस बंद व्हती. डब्यानं झाली." बोलता बोलता शहरी भाषा गळून गेली त्याची. पालकांत कुजबुज सुरू झाली. एक बाई उठून म्हणाली, माझ्या पोरीला बी जळजळ हाय, ती बी उपाशी ऱ्हाते का. मग दुसरी उठली. मग माइकवर बाळासाहेब होता, पण बोलत मंडप होता. फ्रीज त्याच आठवड्यात गेला. मेस आता शेवटची पोरगी जेवेपर्यंत उघडी असते. हे मी स्वतः जाऊन बघितलंय, कारण अशा माणसांच्या शब्दावर मी विसंबत नाही.

सभा संपल्यावर चहा आला. लोकांनी घेतला, कुंडलिकनंही घेतला. मी संस्कृतीला विचारलं, "झालं ना आता समाधान?"

"अर्धं," ती म्हणाली.

मला वाटलं थट्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी परत भगवंतच्या हॉटेलात. खिडकीजवळच्या टेबलावर, बाळासाहेबाच्या खुर्चीत, वह्या पसरून. राहिलेल्या विषयांचा अभ्यास करत होती. भगवंत म्हणाला, "ताई, आता तर त्यो माइकवर बोलला. मंग हितं का?"

तेवढ्यात बाळासाहेबाची जीप दारात थांबली. त्यानं काचेतून आत बघितलं. आपली खुर्ची बघितली, त्यात बसलेली पोरगी बघितली. तिनंही वर बघितलं आणि पान उलटलं. जीप थोडा वेळ तशीच घुरघुरत उभी राहिली आणि मग कल्याणच्या रस्त्यानं निघून गेली. तो आता पार तिकडच्या टोकाच्या पत्र्याच्या हॉटेलात बसतो म्हणतात. तिथं चहा पातळ असतो.

"याच्यासाठी," जीप गेली त्या रस्त्याकडं बोट करत संस्कृती भगवंतला म्हणाली.